मोरीतली जाळी

"सर, माझा लेख तुम्ही चोरलात का?"

"हिंमत असेल तर विचारून दाखव," असं मैत्रिणींनी डिवचलं होतं. दहावीतल्या ठिणगीने थेट स्टाफरूमच्या दारातूनच विचारलं. हातात विद्यार्थ्यांचं गणिताचं मासिक. त्यात तिचीच सिद्धता, शब्दन् शब्द. वर नाव भलत्याच मुलाचं.

गणिताचे सर ताडकन उठले. "चोरू? अगं, तुझं छापावं म्हणून मासिकांचे उंबरे झिजवतोय मी! एका संपादकाला लेखकाची पदवी हवी, दुसरा म्हणतो आधी वयाची अठरा पूर्ण करा. उरलं होतं हे एकच मासिक."

"आता तेही गेलं! छापलेलं पुन्हा कोण छापतं?"

सरांनी कपाटातून तिची प्रत काढून समोर आपटली. "बघ."

प्रश्न तिच्या घरच्या मोरीचा होता. जाळीची फरशी सोडून बाकीची जमीन तीन-तीन फरश्यांच्या काटकोनी तुकड्यांनी झाकता येईल का? सरांच्या प्रतीत जाळी कोपऱ्यात होती. मासिकात मात्र दाराजवळ.

पाणी तुंबतं म्हणून प्लंबरकाकांनी ती हलवली होती, पण सरांना प्रत दिल्यानंतर.

"सर, चुकले मी," म्हणत ठिणगी घराकडे धावली.

घरी मामा चहा पीत बसला होता. कॉलेजात गणित शिकवणारा, घरादाराचा लाडका.

"मामा, माझा लेख कुणाला दिलास?"

"मी? तुझ्या सरांना विचार."

"विचारलं. त्यांच्याकडे कोपऱ्यातली जाळी आहे. जाळी हलल्यावर मी आकृती बदलली, आणि ती प्रत एकट्या तुला दिली. 'ठेव, बघतो' म्हणालास. मासिकात तीच छापलीय! मोरीला बोळा नि दरवाजा मोकळा. मी मेली शाळेत चोर शोधत होते!"

मामाने कप खाली ठेवला. "ज्याचं नाव छापलंय ना, आमच्या प्राचार्यांचा मुलगा आहे तो. माझी बढती अडकलीय गं. तुझं काय, अजून दहा लेख लिहिशील."

"दादा!" आई किंचाळली.

बाबा खाकरले. "घरातलं घरातच मिटवू."

"नाही बाबा. आई, तूही ऐक. मी आत्ता संपादकांना फोन करतेय. जुनी प्रत घेऊन सर येतील, जाळी हलवल्याच्या साक्षीला प्लंबरकाका येतील. लेख माझ्या नावाने छापावाच लागेल. आणि चोर कोण, असं विचारलं तर मामाचं नाव सांगणार."