चाळीस नंबरचा जवाब

मोबाईल ठेवा खाली, पोट्टेहो. तुमच्या त्या कंप्युटरच्या पदवीचा आज जरासा उपयोग हाये, म्हणून सांगून राहिलो. हे माझ्या साडूच्या, शेषरावच्या डोळ्यासमोर झालं. अकोटच्या एका तूर खरेदी केंद्रावर तो चौकीदार होता. साल दोन हजार सतरा, एप्रिलची वीस तारीख, गुरुवार.

संध्याकाळच्या एसटीनं अमरावतीहून विपुल आला. कंपनीचा इंजिनिअर. बूट चकाचक आणि अक्कल नवीकोरी, एकदाही न वापरलेली. काम साधं, वायरी नीट लावायच्या. आतल्या खोलीत मोठं मशीन, त्याच्यात नोंदणी बाकी असलेल्या साडेचारशे कास्तकारांची यादी. बाहेर चार कंप्युटर. ते मोठ्या मशीनले चाळीस नंबरनं हाक मारत आणि यादी मागत. दुसऱ्या दिवशी नोंदणी बंद. ज्याचं नाव चढलं नाही, त्याची तूर उघड्यावर. शेषरावची सात पोतीही त्यातच.

हरेक वायरीले कापसाची वात बांधलेली.

"हे काय काका, वायरीला नजर लागते का?"

"इनायतभाईची खूण हाये, साहेब. आप्रेटर होते. कोणती वायर कुठची, ते गाठीवरून समजे. काढू नोका."

"बोलवा त्यांना."

"दिवाळीतच वारले."

विपुल हसला. वाती ओरबाडून कचऱ्यात टाकल्या. वर मोठ्या मशीनचा नंबरही बदलला. काहून? तर चाळीस त्याले गबाळा वाटला! नवा नंबर बाहेरच्या कंप्युटरले सांगाचा मात्र कोण्या शहाण्यानं? वायरींची खिचडी झाली ती वेगळीच. चारही पडद्यांवर एकच ओळ. संपर्क होत नाही.

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. विपुलचा शर्ट घामानं पाठीले चिकटलेला. सकाळी दहाले गेटवर रांग लागणार. शेवटी त्यानं बाहेरच्या कंप्युटरवरून जुन्याच चाळीसले हाक दिली. कोणी आहे का? त्या नंबरवर आता कोणीच नव्हतं.

जवाब आला. आहे.

"काका... आत दुसरा कंप्युटर लावला का कोणी?"

"नाई बा."

त्यानं मोठ्या मशीनची वायर उपटली.

आहे.

मशीनच बंद केलं.

आहे.

मग समोरच्या कंप्युटरची वायर काढली. हातात धरली. लोंबती.

आहे.

आहे.

"इनायतभाई...?" शेषराव हळूच म्हणाला.

पडदा थांबला.

आतल्या खोलीत, अंधारात, मोठं मशीन घरघरलं... सुरू झालं.

विपुल बॅग छातीशी धरून पळाला. चकाचक बूट एक तिथंच राहिला.

सकाळी दहाले चारही कंप्युटर चाळीसशी गपगुमान बोलून राहिले होते. साडेचारशे नावं चढली, शेषरावचंही. वायरी कोणी जोडल्या? विपुल तर तेव्हा एका बुटावर अमरावतीले पोचला होता.

घरी त्यानं बॅग उघडली, हे मागून फोनवर त्यानंच शेषरावले सांगितलं. रस्ताभर ती त्यानं मांडीवरून खाली ठेवली नव्हती. आत चार्जर. चार्जरच्या वायरीले कापसाची वात. घट्ट गाठ. वातीत सरकी अडकलेली... हिरवी, ओली, बोंडातून आत्ताच काढल्यासारखी.

एप्रिलात वऱ्हाडात ओलं बोंड कुठं भेटते, सांगा, इंजिनिअरहो.