दाढदुखीवाल्याचा नंबर

तो पहिल्यांदा आमच्या दातांच्या दवाखान्यात आला, तेव्हा त्याचा एक गाल टम्म सुजला होता. बोलता येईना, म्हणून माझ्या प्रश्नांना तो नुसत्या भुवयांनी उत्तरं देत होता. आणि काय भुवया होत्या... मी रिसेप्शनवर बसून बघतच राहिले!

तो गेला आणि मला राहवेना. कॉम्प्युटरमधून त्याचा नंबर काढला, मेसेज टाकला — ‘दाढ कशी आहे?’

‘दाढ बरी. विचारणारी कोण?’

‘ओळखा!’

मग काय, रोजच सुरू झालं.

आज सकाळी मॅनेजरबाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने आल्या. आमच्या कंपनीच्या सगळ्या दवाखान्यांतल्या पेशंटांची माहिती बाहेर फुटली होती आणि सरकारी अधिकारी चौकशीला निघाले होते.

“असा दंड लावतात की सगळे दवाखाने विकले तरी पुरायचा नाही,” बाई म्हणाल्या. “आणि कुणी उगाच पेशंटची माहिती उघडली असेल, तर त्याची नोकरी गेलीच समज.”

मी टेबलावरचा मोबाइल हळूच ड्रॉवरमध्ये सरकवला. तेवढ्यात दार उघडलं... आणि अधिकारी म्हणून त्याच भुवया आत आल्या!

संपलंच. माझ्याविरुद्धचा पुरावा, माझे सगळे मेसेज, त्याच्याच खिशातल्या मोबाइलमध्ये होते. बाई चहाचं सांगायला आत वळल्या, तसा तो टेबलापाशी आला.

“विचारणारी... तुम्हीच ना?”

“हो. नंबर इथूनच घेतला. चुकलंच माझं... खूप भीती वाटतेय.”

“मलाही.”

“तुम्हाला कशाची?”

“पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. दाढेचं ठाऊक असलेली दुसरी मुलगी कोण? तक्रार करायला हवी होती... पण मी तुमच्या मेसेजची वाट बघत बसलो.”

त्याने साहेबांना फोन लावला. “साहेब, इथली चौकशी दुसऱ्या कुणाला द्या. हो... माझ्या जवळचं माणूस आहे इथं. आल्यावर सगळं सांगतो.”

जवळचं माणूस! मला हसू फुटलं.

“मग... मेसेजचं?” मी विचारलं.

“लपवता नाही येणार. पण माझ्या आधी तुम्हीच सांगा बाईंना.”

“नोकरी गेली तर?”

“मी बाहेर उभा आहे. कितीही वेळ लागू दे.”

तो गेला. काचेच्या दारापलीकडे त्याची पाठ दिसत होती. बाई चहा घेऊन आल्या.

“बाई,” मी उठून उभी राहिले, “जरा बोलायचंय.”