समोरचं स्टूल

शेकोटीची लाकडं जरा इकडे ओढा. आणि मोनाली, तू पाठमोरी बसू नकोस. ती औषधांची खिडकी तुला दिसू दे, कारण गोष्ट त्याच खिडकीची आहे आणि आज रात्री तिथे तुलाच बसायचं आहे.

साधना खरात म्हणून धावडा गावची पोर होती. तुमच्यासारखीच औषधांचं शिक्षण संपवून ह्या दवाखान्यात वर्षभराच्या रेसिडेन्सीला आलेली. कागदावर काय होतं? डॉक्टरांबरोबर वार्डात फिरायचं, पेशंटच्या औषधांचा मेळ तपासायचा, शिकायचं. प्रत्यक्षात काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. दिवसा वार्ड, रात्री खिडकी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वार्ड. शिकवणं म्हणतात ह्याला. बैलालासुद्धा दुपारी सोडतात.

तर गेल्या वर्षीची किंक्रांत. संध्याकाळी साधना जुन्या जालन्यातल्या एजन्सीवर गेली होती. इंजेक्शनची पावडर कालवायला जे डिस्टिल्ड वॉटर लागतं, ते संपत आलं होतं. नेहमीच्या कंपनीचं मिळालं नाही, दुसऱ्याच कंपनीचं मिळालं. रिक्षात खोकं मांडीवर घेऊन ती परत आली. आदल्या दिवसाच्या सकाळपासून ती ड्युटीवर होती, रिक्षातच तिला दोनदा डुलकी लागली.

खिडकीत राधेश्याम सर होते. औषध विभागाचे मुख्य आणि साधनाचे गुरू. ते घरी निघायला चप्पल घालूनच बसले होते.

"ठेव तिथं. मी लावतो ट्रेमधी," ते म्हणाले.

"सर, आज तरी दुसरं कुणी द्या रात्रीला. डोळे मिटून राह्यले माझे."

"दुसरं कुठून आणू? तूच वाच, तूच बराबर म्हण."

ह्या 'बराबर'चं सांगतो. नसेतून जाणारं औषध एकट्याने द्यायचं नाही, असा नियम आहे. टेबलाच्या दोन बाजूंना दोघांनी बसायचं. एकाने कुपी हातात धरून नाव मोठ्याने वाचायचं. दुसऱ्याने आपल्या डोळ्यांनी ती कुपी बघायची आणि 'बराबर' म्हणायचं. मगच ती खिडकीबाहेर जायची. साधनाच्या आदल्या वर्षी माऊली नावाचा पोरगा इथे रेसिडेन्सीला होता. त्याने हट्टाने दुसरं पत्र्याचं स्टूल आणून टेबलाच्या पलीकडे ठेवलं. मला म्हणायचा, "मामा, स्टूल ठेवलं की माणूस बी येईल."

माणूस आला नाही. एका रात्री पाण्याच्या ट्रेमध्ये पोटॅशियमची कुपी निघाली. दोन्ही कुप्या प्लास्टिकच्या, दिसायला जुळ्या. पोटॅशियम सलाइनमध्ये मिसळून थेंबथेंब दिलं तर औषध आहे, थेट नसेत गेलं तर काळीज जागच्या जागी थांबतं. एक म्हातारा गेला. ट्रे दिवसपाळीने भरला होता. पण चौकशीत राधेश्याम सर एवढंच बोलले, "रात्री माऊली एकटाच होता."

त्याला त्याच सकाळी काढलं. रात्रभर जागलेला पोरगा मोटरसायकलवर भोकरदनच्या रस्त्याने घरी निघाला. गाडी चालवताना झोप लागली. पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर उभा होता.

दहाव्यालासुद्धा इथून कुणी गेलं नाही. सरांनी फक्त एक काम केलं. ते स्टूल जागा अडवतं म्हणून तळघराच्या स्टोअरमध्ये टाकायला लावलं. इथला शिपाई मी, मीच टाकलं. कुलूप मी लावलं, किल्ली माझ्या कमरेला. हे लक्षात ठेवा.

किंक्रांतीच्या रात्री थंडी कडाक्याची होती. नऊला सर गेले. साधना एकटी वाचत होती, एकटीच 'बराबर' म्हणत होती. आपलाच आवाज ऐकून तिला शरम वाटायची. ही फसवणूक आहे हे तिला कळत होतं, म्हणून राग यायचा. पण वर्ष पुरं करायचं तर सरांची सही हवी, म्हणून गिळायचा.

मध्यरात्रीनंतर तिने एक इंजेक्शन वाचलं. 'बराबर' म्हणायला तोंड उघडलं.

"बराबर."

तिने म्हटलं नव्हतं.

तिला वाटलं, झोपेचा झटका. तोंड धुऊन आली. पुढचं औषध वाचलं.

"बराबर."

आवाज पुरुषाचा. शांत. टेबलाच्या पलीकडून. तिथे दिवा पोचत नाही... आजही पोचत नाही, बघा.

ती मान वर करेना. नंतर मला म्हणाली, "मामा, पळावं वाटलं. पण खिडकी सोडून कुठं जाऊ? वर पेशंट होते." मान खाली घालून तिने काम सुरू ठेवलं. ती वाचायची. तो म्हणायचा. आणि खरं सांगू, त्या वर्षात पहिल्यांदा तिच्यासोबत कुणी होतं.

मग मुलांच्या वार्डातून फोन आला. अंकुशनगरच्या ऊसतोड कामगाराची साक्षी नावाची मुलगी, छातीत कफ दाटलेला. इंजेक्शन जल्दी पाहिजे. साधनाने पावडरची बाटली काढली. वाचली.

"बराबर."

पाण्याच्या ट्रेमधून कुपी उचलली.

"डिस्टिल्ड वॉटर. दहा एमएल."

...

काहीच नाही.

तिने पुन्हा वाचलं. जरा मोठ्याने.

...

फोन पुन्हा वाजू लागला. वर पोरगी घुसमटत होती. साधनाचा हात खिडकीकडे निघाला.

पत्रा फरशीवर घासला. करकर... टेबलाच्या पलीकडे कुणीतरी उठलं होतं.

"म्हण ना," ती कुजबुजली. "बराबर म्हण ना."

"न्हाई."

तिने हातातल्या कुपीकडे पाहिलं. तोवर तिने कुपी वाचलीच नव्हती. ट्रेवर चिकटवलेली पट्टी वाचली होती, आणि कुपी जरा वेगळी वाटली ती नव्या कंपनीची म्हणून सोडून दिली होती. झोपेने मेलेले डोळे मोठं अक्षर धरतात, बारीक सोडतात.

कुपीवर पोटॅशियम होतं.

तिने दुसरी उचलली. डोळ्याला लावून अक्षर अन् अक्षर वाचलं. पाणी.

"बराबर," आवाज म्हणाला. अगदी तिच्या कानाशी.

कुपी वर गेली. साक्षी वाचली. चार दिवसांनी बापाच्या खांद्यावर बसून ह्याच फाटकातून गेली, मी पाहिलं.

सकाळी राधेश्याम सर आले तेव्हा साधना खिडकीतच उभी होती. तिने ट्रे त्यांच्यापुढे आपटला. वार्डातून परत आलेलं पोटॅशियम टेबलावर पडलं होतं, ते त्यांनी घरी जायच्या घाईत नव्या पाण्यासकट एका हाताने पाण्याच्या ट्रेत लोटलं होतं.

"हा कुणी भरला, सर?"

त्यांचा चेहरा पडला. पण जीभ सवयीची. "मला काय विचारून राह्यली? रात्री तू एकटीच होतीस."

"एकटी नव्हते," ती म्हणाली. "तुम्ही माऊलीबद्दल बी हेच बोलल्ते. ते बघा."

टेबलाच्या पलीकडे पत्र्याचं स्टूल होतं.

मी दारातच होतो, सर माझ्याकडे बघायला लागले. मी तळघरात गेलो. कुलूप जसंच्या तसं. किल्ली कमरेला. आत सगळी अडगळ होती, स्टूल तेवढं नव्हतं. वर आलो तर सरांनी स्टुलाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. त्या दिवसापासून त्यांनी खिडकीत पाय ठेवला नाही. बदली मागून निघून गेले. साधनाने वर्ष पुरं केलं, सही मागितली नाही, दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी निमूट दिली.

तुम्हाला वाटेल, मग रात्रीला दुसरा माणूस ठेवला असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती इथे. त्या रात्रीनंतर खिडकीतून एकही चूक गेली नाही. तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "एकावर बराबर चालू आहे की. दुसऱ्याचा खर्चा कशाला?" जिवंतपणी ज्याला झोपू दिलं नाही, त्याला मेल्यावरही नाईट लावली ह्यांनी.

ऊठ, मोनाली. वेळ झाली तुझी. पट्टी वाचू नकोस, कुपी वाच. मोठ्याने वाच. आणि उत्तर आलं नाही... तर देऊ नकोस, वरून कुणी कितीही ओरडू दे.

पहाटे निघताना समोरच्या स्टुलाला हात लावून बघ. पत्र्याचं आहे, ह्या थंडीत बर्फासारखं लागायला हवं.

कोमट असतं.