चार नंबरच्या टेबलाची घंटा

क्लबातल्या क्विझला पुन्हा जावं की नाही, यावर त्याच्याशी वाद घालायला घरात आता कुणी नव्हतं, म्हणून तो गेला. संध्याकाळी घर खायला उठायचं. त्यापेक्षा चार माणसांत बसलेलं बरं.

हॉल होता तसाच होता. बिअरचे नि सरबताचे ग्लास, वाट्यांत खारे दाणे, आणि प्रत्येक टेबलावर वरून टपली मारली की वाजणारी पितळी घंटा. ज्याची घंटा आधी, त्याला उत्तराचा पहिला मान. माइकपाशी मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी बोट वर करून 'शांतता' म्हणायची त्यांची खोड काही जात नव्हती.

चार नंबरचं टेबल त्याचं आणि बायकोचं. कामाची वाटणी ठरलेली: घंटा त्यानं मारायची, उत्तर तिनं द्यायचं. प्रश्न अर्धा झाला नाही तोच हा टपली हाणायचा आणि ती डोळे वटारायची, "अहो, प्रश्न तरी पुरता ऐका!" मग हॉलभर हशा. पक्षी, झाडं, जुने खेळाडू, सगळं तिला तोंडपाठ. याला काय यायचं? लिफ्ट दुरुस्त करायला, तोच त्याचा धंदा.

आणि लिफ्टनंच त्याचा घात केला. हॉस्पिटलात दिवसभर तिच्या उशाशी बसलेला तो चहा आणायला म्हणून खाली उतरला. परत येतो तर लिफ्ट मध्येच अडकलेली, आत माणसं ओरडतायत. हात स्वस्थ बसतील तर शपथ. माणसं सुखरूप बाहेर काढून, शाबासकी घेऊन तो वर पोचला, तेव्हा सगळं संपलं होतं.

"काहीतरी म्हणाल्या हो त्या," नर्स म्हणाली. "दोनदा म्हणाल्या. पण मी सलाइन बघत होते, मला नीट कळलं नाही."

तेव्हापासून त्याला दुसरं काही नको होतं. ती काय म्हणाली, एवढंच कळायला हवं होतं. पाणी मागितलं असेल? त्याला हाक मारली असेल? रागावली असेल? विचार करकरून तो झिजला होता.

पहिली फेरी नेमकी पक्ष्यांची निघाली. "ज्याला मागे मागे उडता येतं असा पक्षी कोणता?" मास्तरांनी विचारलं.

घंटा वाजली. त्याच्याच टेबलाची. त्याचे दोन्ही हात ग्लासाभोवती होते.

"चार नंबर," मास्तर सवयीनं म्हणाले आणि मग त्यांनी मान वर केली. चार नंबरकडे बघतच राहिले. "बरोबर. दहा गुण."

तो आ वासून बसला. मी कुठं काय बोललो? दया म्हणून गुण वाटतायत, दुसरं काय! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या प्रश्नाला त्यानं घंटेवरची कळ खाली जाताना पाहिली. हळूच, कुणी बोट टेकवावं तशी. हॉलमध्ये हसणं-खिदळणं थांबलं होतं. "बरोबर," मास्तर म्हणाले, पण आवाज पार बसलेला.

शेजारच्या टेबलावर केमिस्ट बाई होत्या, बायकोची जिवाभावाची मैत्रीण. तो त्यांच्याकडे झुकला. "बाई, हे काय चाललंय? मी तोंडातून ब्रही काढलेला नाही."

बाईंच्या हातातला दाणा तोंडापर्यंत गेलाच नव्हता. "तुम्ही नाही हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "तीच बोलतेय. तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. कान टवकारले. पंख्याची घरघर, कुणाचा तरी खोकला, ग्लासात विरघळणारा बर्फ. तो खुर्चीच्या पाठीपर्यंत वाकला. काही नाही. सगळ्या गावाला ती ऐकू येत होती, आणि जन्मभर तिच्याशी संसार केलेल्या त्याला तेवढी नाही. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं.

शेवटची फेरी या क्लबाची खासियत. प्रत्येक टेबलानं उरलेल्या हॉलला एक प्रश्न घालायचा. नियम एकच: आपल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या टेबलानं द्यायचं नाही.

चार नंबरची पाळी आली. तो टेबल धरून उठला.

"मी लिफ्टपाशी होतो," तो म्हणाला. "तेव्हा ती काय म्हणाली?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

घंटा वाजली. त्याच्याच पुढ्यातली.

"आपल्या टेबलाला आपल्याच प्रश्नाचं…" मास्तर बोलता बोलता थांबले. ऐकू लागले. सगळेच ऐकू लागले.

तो एकेकाचे चेहरे वाचत सुटला. बाईंनी डोळे मिटले होते. मागच्या टेबलावरचा बँकवाला खाली मान घालून चष्मा पुसत होता.

"काय म्हणाली? अरे, सांगा ना कुणीतरी! बाई, तुमच्या पाया पडतो."

बाईंनी त्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं. ओठ हललेले त्याला दिसले. आवाज आला नाही.

बँकवाला उठून जवळ आला. त्यानंही सांगितलं. तो अगदी कानाशी लागून बोलला, त्याचा श्वास गालाला लागला. शब्द नाही.

मास्तरांनी माइक तोंडाशी धरला. त्यांचे ओठ हलले. स्पीकर मुका.

मग त्यांनी माइक खाली ठेवला आणि रिकाम्या खुर्चीकडे वळले. आता मात्र त्याला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला.

"नाही हो वहिनी," मास्तर म्हणाले. "नाही पोचत त्यांच्यापर्यंत. पुन्हा एकदा म्हणता का?"