चार जोड्यांचा रविवार

शाळेचं वेळापत्रक म्हणून ईश्वरीनं कागद उलगडला, तर त्यात सातवी ब कुठंच नव्हती. त्या जागी लिहिलं होतं : 'मोंढा क्रिकेट क्लब, सेलू विरुद्ध रेल्वे कॉलनी इलेव्हन. सकाळी दहा ते सायंकाळी पाच.'

ती स्टाफरूममध्ये एकटीच हसली. सकाळी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात केवढी गर्दी होती! काउंटरवर तिच्या शेजारी एक उंच मुलगा उभा होता. स्वेटरच्या बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले… चेहरा नीट पाहिला नव्हता, पण बाही लक्षात राहिली होती. दुकानदारानं घाईघाईत कागदांची अदलाबदल केली असणार.

खाली मोबाइल नंबर होता. तिनं लावला.

"मोंढा क्रिकेट क्लब का?"

"हो, हो! भागवत बोलायलोय. खेळायचंय का कुनाला?" आवाजात एवढी आशा होती की तिलाच वाईट वाटलं.

"नाही हो. माझं वेळापत्रक तुमच्याकडे गेलंय आणि तुमचं माझ्याकडे आलंय."

पलीकडून हसू फुटलं. "तरीच! मी म्हनलं, सोमवारी सकाळी भूगोलासंग कोन खेळायलंय…"

"आणि एक सांगू? तुमचं वेळापत्रक चुकलंय."

"कुठं?"

"सगळंच."

संध्याकाळी तो कागद घेऊन शाळेच्या फाटकाशी आला. तीच बाही, तेच तंतू. सावळा, शिडशिडीत, आणि हसताना एका बाजूला किंचित मान कलती करणारा. शेतकी पदवीधर होता, गावाकडं वडिलांची शेती होती आणि सेलूत एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचं काम करायचा. क्लब त्याच्या जिवाभावाचा.

"मॅडम, चुकलंय म्हनजे काय चुकलंय?" त्यानं विचारलं. रागानं नाही, कुतूहलानं.

"कापूस वेचणीच्या दिवसांत रविवारी दहा ते पाच रिकामं कोण असतं?"

"मी."

"मग एकटेच खेळता का?"

भागवतनं मान खाली घातली. "आता तसंच होत आलंय. मागच्या दोन्ही रविवारी सातच जन आले. अकरा जमेनात म्हनून सामना सोडावा लागला. ह्या महिन्यात न्हाई जमलं, तर क्लब बंद. अठरा वर्षांचा क्लब हाय, मॅडम. लहानपनी मी मैदानाच्या शिवेवर बसून त्यांचे चेंडू आनून द्यायचो…"

ईश्वरी शाळेत गणित शिकवायची आणि दरवर्षी सगळ्या शाळेचं वेळापत्रक तीच बसवायची. कोणाला कधी मोकळीक आहे, कुठला तास कुठं ठेवला की मुलं पेंगतात, हे तिला बरोबर कळायचं. क्रिकेटशी तिचं फारसं देणंघेणं नव्हतं. पण ती म्हणाली, "तुमची स्कोअरची वही आणा. बघू."

तिलाच नंतर आश्चर्य वाटलं. आपण 'आणा' का म्हणालो?

शनिवारी दुपारी ती मैदानावर गेली. जिनिंगच्या भिंतीमागचं मोकळं रान, मधे पायांनी कडक झालेली पट्टी. यंत्रांची घरघर, आणि हवेत तरंगणारा कापूस. ईश्वरी बाभळीच्या सावलीत वही मांडीवर घेऊन बसली. भागवत समोर उकिडवा बसून तिच्या चेहऱ्याकडं बघत होता.

"तुमच्या केसांत…" तो अडखळला.

"काय?"

"कापूस."

तिनं हात फिरवला. "गेला?"

"न्हाई… डावीकडं. अजून थोडं…" त्यानं हात उचलला, अर्ध्यात थांबवला, आणि उगीचच गवताची काडी उपटली. "ऱ्हाऊ द्या. चांगला दिसायलाय."

ईश्वरीनं वहीत डोकं घातलं. कान मात्र गरम झाले होते.

पण वही वाचता वाचता तिच्या कपाळावर आठी आली. "यात एकतीस नावं आहेत. येतात सात. बाकीचे चोवीस कुठं गेले?"

"कुनाला शेती, कुनाला दुकान. काहींना नुसता कंटाळा."

"हा आदिनाथ कोण?"

"माझा दोस्त. देवगाव फाट्यावर पंक्चरचं दुकान हाय त्याचं. आता येत न्हाई." भागवतनं नजर वळवली.

"गेल्या वर्षी तो चौदा सामन्यांना आला. त्यात त्याच्या वाट्याला सगळे मिळून सहा चेंडू आले. गोलंदाजी एकदाही नाही." तिनं पान उलटलं. "आणि तुम्ही? चौदाही वेळा सलामीला. चौदाही वेळा पहिलं षटक तुमचं, शेवटचंही तुमचंच."

"जिंकायचं असतं, मॅडम. सगळ्यात चांगलं खेळनारा—"

"दहा ते पाच उन्हात उभं राहायचं, आणि खेळायचं तुम्ही. मीसुद्धा आले नसते." ती थांबली, पण शब्द तोंडून निघालाच. "भागवत, क्लब वेचणीनं नाही मोडला. तुम्ही मोडलात."

भागवतनं हळूच तिच्या मांडीवरची वही उचलली, मिटली, आणि निघून गेला.

दहा दिवस फोन आला नाही. ईश्वरीनं स्वतःला समजावलं, आपलं काय जातंय? बोललो ते खरंच होतं. पण खरं बोलताना एवढं धारदार बोलायची गरज होती का? वर्गात फळ्यावर गणित सोडवताना ती दोनदा चुकली. मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. घरी आईनं नांदेडच्या स्थळाचा विषय काढला, तर ती अर्ध्या जेवणातून उठली.

अकराव्या दिवशी शाळा सुटताना फाटकाशी एक जाडजूड माणूस उभा होता. हाताला ग्रीसचे डाग.

"तुमीच का गणिताच्या मॅडम? मी आदिनाथ."

ईश्वरी चपापली. "काय झालं?"

"काय व्हायचंय! भागवत आलता दुकानावर. तीन घंटे बसला. मी टायर काढायलोय आन् हे शेजारी गप बसलेलं. मग म्हनला, 'आदिनाथ, माझं चुकलं रे. तुला सहाच चेंडू मिळाले.' मी म्हनलं, तुला कुनी मोजून दिले? तर म्हनला, एका मॅडमनं." आदिनाथनं तिला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि खूश होऊन मान हलवली. "वर्सभर मी ह्येच्यावर रुसलो व्हतो. दोस्ताला कसं सांगायचं, की मला बी खेळायचंय? लाज वाटती ना."

"मग ते… स्वतः का नाही आले?"

"आलंय की. ते काय, लिंबाच्या आड उभं ऱ्हायलंय. भेतंय तुमाला."

भागवत पुढं आला. वही त्याच्या छातीशी होती. "मॅडम… सहा चेंडूंची ती ओळ तशीच ठेवून वही परत आनलीय. आता पुढचं सांगा."

"मी जरा जास्तच बोलले त्या दिवशी."

"बरोबर बोललात. फक्त लय जोरात लागलं." आणि ती मान पुन्हा एका बाजूला कलली.

मग तिघांनी तिथंच लिंबाखाली बसून वहीतल्या बाकीच्या एकोणतीस जणांना फोन केले. प्रत्येकाला एकच प्रश्न : तुम्ही मोकळे कधी असता? दूध घालणारा म्हणाला, सातनंतर. दुकानदार म्हणाला, दहाच्या आत. वेचणीवाले म्हणाले, रानात मजूर यायच्या आधी सुटलो तर येतो. ईश्वरीनं सगळं कागदावर मांडलं. रविवारी सकाळी सात ते साडेनऊ, एवढीच फट सगळ्यांची जुळत होती.

"अडीच घंट्यात काय क्रिकेट होनार?" भागवत.

"अकरा कशाला हवेत? आठ-आठ जण घ्या. क्लबातच दोन संघ. सोळा षटकं, प्रत्येकानं दोन टाकायचीच. किपरनंसुद्धा. फलंदाजी जोडीनं करायची. चार जोड्या, प्रत्येकीला चार षटकं. आऊट झालं तरी बाहेर जायचं नाही, फक्त टोक बदलायचं. संघाच्या पाच धावा कमी होतील, बस. म्हणजे सगळे खेळतील."

"आन् जो लय चांगला खेळतो त्यानं काय करायचं?"

"त्यानं शेवटच्या जोडीत जायचं."

भागवतनं दोन्ही हात जोडले. आदिनाथ एवढा हसला की लिंबावरच्या साळुंक्या उडाल्या.

पहिल्या रविवारी गवत दवानं ओलं होतं. शाली, मफलर गुंडाळून माणसं येत होती. पाच वर्षांनी मैदानावर पाय ठेवणारे सीताराम किराणावाले पट्टीला हात लावून पाया पडले. मोजले तर पंधरा. एक कमी.

"मॅडम, तुमीच या!" आदिनाथ ओरडला. ईश्वरी नाही नाही म्हणत होती, तोवर तिच्या हातात बॅट आली होती. जोडी भागवतबरोबर. कुणीतरी शीळ घातली.

पट्टीच्या मधोमध भागवत हळूच म्हणाला, "मी 'या' म्हनलो की पळायचं."

"आणि तुम्ही 'नाही' म्हणालात तर?"

"तुमाला…" तो बॅटनं माती उकरत राहिला. "तुमाला न्हाई कसं म्हनू मी?"

ती दोनदा आऊट झाली, तीन धावा केल्या आणि एकदा पट्टीवरच हसून हसून खाली बसली. साडेनऊला सामना संपला. पुढच्या रविवारी एकवीस जण आले, त्याच्या पुढच्या रविवारी चोवीस. तिसरा संघ करावा लागला आणि क्लब बंद करायची भाषा कुणाच्या तोंडी उरली नाही.

सेलू काही मोठं गाव नाही. ईश्वरीचे वडील विष्णुपंत पोस्टातून निवृत्त झालेले, रोज सकाळी काठी टेकत पेपर वाचायला वाचनालयात जायचे. एके दिवशी येऊन म्हणाले, "गावात चर्चा आहे, विष्णुपंतांची मुलगी दोनदा आऊट झाली."

"बाबा…"

"आणि तो जोडीदार कोण होता, याचीही चर्चा आहे." त्यांनी चष्मा पुसला. "नांदेडकरांना संक्रांतीच्या आत कळवायचंय. काय कळवू?"

ईश्वरीनं सरळ वडिलांकडं बघितलं. "नाही म्हणून कळवा. मला भागवत आवडतो. त्याला अजून सांगितलेलं नाही. त्यानंही मला काही म्हटलेलं नाही."

"शेतकऱ्याचं घर आहे. वेगळे लोक, वेगळी रीत."

"माहीत आहे."

विष्णुपंत चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "या रविवारी मी येतो. पंच लागतो ना तुम्हाला?"

भागवतला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं वाकून नमस्कार केला, त्यांना पांढरी टोपी दिली. सामना रंगला. शेवटची जोडी भागवत आणि आदिनाथची, जिंकायला तीन चेंडूंत तीन धावा हव्या होत्या. चेंडू आला, भागवतच्या पॅडवर आदळला. जोराचं अपील झालं आणि विष्णुपंतांचं बोट वर गेलं. पायचीत! पाच धावा कमी!

सगळे ओरडायला लागले, "बॅट लागली, काका! आवाज आला!"

भागवतनं पंचांकडं पाहिलं, मान डोलावली आणि पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. आदिनाथनं एक सणसणीत चौकार मारला, मग एक धाव, आणि संघ दोन धावांनी हरला. तरीही आदिनाथला लोकांनी खांद्यावर घेतलं.

भागवत बाभळीखाली पॅड सोडत होता. ईश्वरी जवळ गेली.

"बॅट लागली होती ना?"

"लागली व्हती."

"मग वाद का नाही घातला?"

"पंचाशी?" त्यानं पट्टा सोडता सोडता थांबून वर पाहिलं. "आन्… तुमचे वडील हायत ते."

"म्हणून?"

"म्हनून न्हाई. म्हनजे… म्हनूनबी." तो उठून उभा राहिला. बोटं उगीचच ग्लोव्हजशी खेळत होती. "त्यांच्याशी मला अजून लय वर्सं बोलायचंय. पहिल्याच दिवशी भांडन नको वाटलं." मग एका दमात, "ईश्वरी, मला तुमी आवडता. आता न्हाई म्हनलात, तरी मी रविवारी खेळायला येईन. पन 'हो' म्हनलात तर… बरं होईल."

त्यानं पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

"मी घरी आधीच सांगून टाकलंय," ती म्हणाली.

"काय?"

"हो म्हणून."

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. विष्णुपंत टोपी काढून कपाळ पुसत होते.

"बॅटचा आवाज मलाही आला होता," ते म्हणाले. "पण तोवर बोट वर गेलं होतं. पंचानं बोट खाली घेऊ नये." त्यांनी टोपी भागवतच्या हातात ठेवली. "हरल्यावर माणूस कसा दिसतो, ते बघायचं होतं मला. बघितलं. ईश्वरी, याला चहाला घेऊन ये. आणि तुमच्या आई-वडिलांना कधी वेळ आहे ते सांगा भागवतराव, मी येईन तिकडं."

ते पुढं निघाले. भागवत घाईघाईत एका पायाचं पॅड तसंच ठेवून त्यांच्या मागं चालायला लागला, आणि ईश्वरी हसत हसत त्याला थांबवून तो पट्टा सोडायला खाली बसली.