सकाळचा हात

पोलादपूरच्या स्टँडवर, शकूमावशीच्या टपरीत, निशाच्या हातातला भरलेला ग्लास एकाएकी उडाला आणि समोरच्या पोराचा शर्ट चहानं न्हाला. सांडला नाही, उडाला. कुणी तिचं मनगट खालून झटकावं तसा.

"आयला!" पोरगा मागे सरला. महाडच्या एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून आत्ता गाडीतून उतरला होता; डोळे लाल, केसांचं घरटं. "काय गो, ओळख ना पाळख, थेट आंघोळ?"

"सॉरी... निसटला हातातून."

"निसटला? चांगला नेम धरून मारलास!"

"नेम धरला असता तर तोंडावर मारला असता. बडबड तिथूनच येतेय."

शकूमावशी फिदीफिदी हसली. पोरगाही हसला. दमलेला माणूस हसतो तसा, अर्धाच, पण खरा.

त्याचं नाव बुद्धरत्न. केमिकलच्या एका कारखान्यात कंत्राटावर ड्रम ढकलायचा. त्याची गाडी यायची आणि निशाची, महाडला कॉलेजला नेणारी, सुटायची. मधला वेळ एका चहापुरता. प्रेमाला तेवढा पुरला.

पुढच्या आठवड्यात त्याचा आणखी एक शर्ट गेला. मग एक बशी फुटली. बुद्धरत्ननं त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावला.

"मला बघितलं की तुझा हात उडतो," तो हळूच म्हणाला. "नाय म्हण."

"स्वतःला कोण समजतोस रे?"

"मी कुठं काय म्हणतोय... हातच सांगतोय."

निशानं मान खाली घातली. तिला ते खोटं आवडलं. का आवडू नये? त्या हाताला धांदरट न म्हणणारा हा पहिलाच माणूस.

पंधराव्या वर्षापासून हे चाललं होतं. सकाळी उठलं की हात खांद्यापासून झटके मारायचे. ब्रश भिंतीवर, कप फरशीवर. दुपारपर्यंत सगळं ठीक. आई, येसूबाई, धपाटे घालायची, "लक्ष कुठं असतं गो तुझं?" बारावीला निशानं रात्री जागून अभ्यास केला. पेपरच्या सकाळी झटक्यांवर झटके आले आणि ती दारातच आडवी झाली. लोक धावले. एकानं चप्पल हुंगवली, एकानं मुठीत चावी कोंबली, एकानं भगताचं नाव सुचवलं. तिला कुशीवर वळवून डोक्याखाली काही मऊ ठेवावं, एवढी अक्कल त्या अख्ख्या गर्दीत एकालाही नव्हती. आणि हेच लोक नंतर म्हणाले, पोरगी बिघडलेली आहे.

शेवटी महाडच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी हातातल्या वस्तू उडतात का हिच्या?" येसूबाई तिथंच रडायला लागली. आजवरचे सगळे धपाटे तिला एकदम आठवले.

"वेड नाही, करणी नाही," डॉक्टर म्हणाले. "मेंदूत वीज क्षणभर भलतीकडे चमकते. हा प्रकार याच वयात सुरू होतो. गोळी चुकवायची नाही, बहुतेक जन्मभर लागेल. आणि झोप पुरी हवी. जागरण हिच्यासाठी विष आहे."

गोळीनं मोठी फिट थांबली. झोप कमी पडली की सकाळचा हात तेवढा उडायचा. आणि पहाटे पाणी भरून, भाकऱ्या थापून गाडी गाठणाऱ्या पोरीची झोप कधी पुरी होते? निशा सतत दमलेली असायची. हाडांत थकवा मुरल्यासारखी.

त्यात एक दिवस बुद्धरत्न डोळे मिटत म्हणाला, "तुझ्यापायी मला झोप नाय लागत गो."

दुसरी एखादी विरघळली असती. निशा भडकली. "झोपत जा, मूर्खा! खिडकीला चादर बांध आणि झोप!"

"ही काय प्रेमाची भाषा?"

"माझी हीच आहे."

तो हसला. मग म्हणाला, "रविवारी आई येतेय तुमच्याकडं. तुला बघायला."

घरी येसूबाईनं लगेच हुकूम सोडले. "गोळ्या तांदळाच्या डब्यात लपव. चहा मी नेईन. नि लगीन झालं की गोळी बंद. सासूला दिसंल."

"आणि पडले तर?"

"तवा बघू."

"तवा तू नसशील, आई. चूल असेल, नाहीतर विहीर असेल."

असल्या लपवालपवीत किती पोरी चुलीवर पडल्या, विहिरीत गेल्या! घराण्याची अब्रू मात्र धुतलेली, इस्त्री केलेली.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर निशानं त्याला महाडला बोलावलं. चवदार तळ्याच्या कठड्यावर दोघं बसली. ऊन पाण्यावर स्वस्थ पडलं होतं. तिचा हातही.

"दुसरा कोण हाय काय?" त्यानंच विचारलं.

"नाही. दुसरंच काहीतरी आहे..."

तिनं सगळं सांगितलं. फिट, गोळी, झोप. मूल हवं झालं तर आधी डॉक्टरांकडं जावं लागेल, गोळी बदलावी लागेल, हेसुद्धा. काही म्हणजे काही राखलं नाही.

त्यानं अंगातल्या शर्टाकडं बघितलं. "म्हणजे ते शर्ट..."

"तुझ्यासाठी नव्हते."

"एक पण?"

"एक पण नाही."

"मला वाटायचं," तो उठला, "रात्रभर ड्रम ढकलून आलेल्या माणसाला बघून एका तरी पोरीचा हात थरथरतो." आणि तो गेला. वळून न बघता.

रविवारी कुणी आलं नाही. "झालं समाधान?" येसूबाई एवढंच म्हणाली. निशानं गोळ्यांची बाटली तांदळातून काढली, पुसली आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. मग आडवी झाली. रडायचं होतं, पण त्याआधीच झोप लागली. लपवायचं काही उरलं नाही की माणूस असाच झोपतो.

सोमवारी सकाळी महाडची गाडी स्टँडवर लागली आणि लोक माना वळवून बघायला लागले. बुद्धरत्न उतरत होता. छातीपासून गुडघ्यापर्यंत कारखान्यातला जाड रबरी एप्रन.

"अरे, मासळी विकायला लागलास काय?" शकूमावशी ओरडली.

तो सरळ निशासमोर येऊन उभा राहिला. "ॲसिड झेलतो हा. तुझा चहा काय चीज हाय? उडव."

निशानं एप्रनच्या कडेला बोट लावून बघितलं. "आई...?"

"आई काल दिवसभर नाय म्हणाली. मी दिवसभर हाय म्हणालो. शेवटी ती दमली." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "म्हणते, हळदीला रात्रभर गाणी नाय झाली तर नाक कापलं जाईल."

"मग?"

"हळद सकाळी अकराला. तीसुद्धा तुझी झोप झाल्यावर. नाक गेलं तर गेलं."

"आधी माझं कॉलेज पुरं होईल. त्याआधी नाही."

"चालेल. तोवर मी पण झोपून घेतो."

शकूमावशीनं ग्लास भरला. बुद्धरत्न छाती पुढं काढून, डोळे बारीक करून उभा. निशानं ग्लास उचलला... हात हलला नाही. झोप पुरी झाली होती. ती घोट घोट चहा प्यायली आणि त्याचं तोंड उतरत गेलं.

"काय गो... आज नाय?"

तळाशी घोटभर चहा उरला होता. निशानं त्याच्या डोळ्यांत बघितलं, नीट नेम धरला आणि ग्लास त्याच्या छातीवर उपडा केला.

"हा मात्र तुझ्यासाठी."