सहाव्या जागेवरचा हात

बसा ताई. चहा जरा वेळानं करते, आत्ता उजवा हात वहीवरून उचलता येत नाही. बाकीच्या वह्या बघा, ही विकायची नाही.

जुन्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांच्या मी चित्रवह्या करते. आतली पानं काढायची, कोरी शिवायची, पुठ्ठा तोच. इंदिरानगरच्या दुकानातल्या मनस्विनीताईंची एकच अट, पुठ्ठ्याला चिकटलेलं पहिलं पान झाकायचं नाही. लोकांना जुनं अक्षर आवडतं.

दोन वर्षांपूर्वी खालच्या गोजराबाईंनी माळ्यावरचं हे पुस्तक दिलं. भर दुपार होती, करंट गेलेला. माझी लेक सिद्धी चटईवर झोपलेली. दोन दिवसांनी तिला वर्ष पूर्ण होणार होतं. मी पुठ्ठा उघडला. पहिल्या पानावर कुंकवानं उठवलेले पाच तान्हे हात, एकाखाली एक. प्रत्येकापुढे मुलीचं नाव. सहाव्या जागी नुसती रेघ.

अट मोडली मी. कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली खळ फासली आणि वर कोरा कागद चिकटवून टाकला.

थोड्या वेळानं ओल्या कुंकवाचा वास आला. कागदातून हात वर आले होते. पाच नाही... सहा.

वळून पाहिलं तर सिद्धी उठून बसलेली. तळहात लाल. करंडा तर देव्हाऱ्यात, झाकण लावलेला. अंग तापानं फणफणत होतं.

तिला कडेवर घेऊन, वही काखेत मारून खाली गोजराबाईंकडे धावले.

"अक्का, हे कुणाचे हात?"

"आमच्या आजेसासूच्या मुलींचे. पहिल्या वाढदिवसाला उठवायचे. दुसरा एकीनंही बघितला नाही." मग त्यांना तो कागद दिसला. "अय्यो... झाकलंस? शहाणी गं तू! कुणीतरी मायेनं बघावं म्हणून ते पान उघडं ठेवलेलं, तू झाकत नाहीस म्हणून तर दिलं. आता स्वल्प गप्प राहा. त्या मागतील ते..."

"काय मागतील? माझी पोर?" माझा आवाज चढला. "मी सातवी शिकलेली बाई, अक्का. मला मंत्र येत नाहीत. पण मागायचं ते माझ्याकडे मागा म्हणावं."

वर आले. खळ ओलीच होती. कागद सोलून बादलीत बुडवला. सिद्धीचा हात खसाखसा धुतला. मग करंडा उघडून माझा उजवा तळवा माखला आणि त्या रेघेवर दाबून ठेवला.

"ऐका गं पोरींनो. ही जागा माझी. आई हवी असेल तर ही मी बसलेय. पण सिद्धी माझ्या कडेवरून उतरणार नाही."

पान गार होतं. मग... बोटांना काहीतरी बिलगलं. मऊ, बारीक. मी हात काढला नाही.

तिन्हीसांजेला ताप उतरला. हात उचलला तर वरचे पाचही हात पानावरून गेले होते, नुसती नावं उरली होती. आणि माझ्या ठशात, पाच बोटांभोवती, पाच चिमुकल्या मुठी.

तेव्हापासून रोज सकाळी वही उघडून मी त्यांना बघते. नावानं हाक मारते. सिद्धी आता तीन वर्षांची आहे, हीच ती, मांडीवर नुसती वळवळतेय.

आज वही उघडली तर करंगळीभोवतीची मूठ नव्हती.

म्हणून सकाळपासून हात इथं ठेवलाय. सिद्धीला डाव्या हातानं धरलंय. घाबरले? हो, घाबरलेय. पण ती सुटलेली पोर माझ्याकडेच येईल, दुसरीकडे जाऊ देणार नाही मी.

ताई, दार लावून घ्या ना. आणि जरा बघा... तुमच्या पदराला ते लाल काय लागलंय?